हायरम बर्डन आणि न निघणारी टोपी



आपल्या अंकात चरित्र म्हटलं की विश्वेश्वरय्या, एडिसन, टाटा ही मंडळी हमखास हजेरी लावतात. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण दरवर्षी तेच तेच वाचून थोडं मेसच्या भाजीसारखं होतं. म्हणून या वेळी जरा आडवाटेचा माणूस निवडला. हायरम बर्डन. रायफल शूटिंगवाल्यांना हे नाव पाठ असतं, कारण जगातल्या बहुतेक काडतुसांची बुडं दोनच प्रकारची असतात आणि त्यातल्या एका प्रकाराला त्याचं नाव आहे. बाकीच्यांसाठी सांगतो : हा अमेरिकेतला मेकॅनिकल इंजिनिअर, आपल्या काळातला नावाजलेला नेमबाज, यादवी युद्धातला कर्नल आणि एका अशा डिझाइनचा बाप, की ज्याच्यामुळे आजही हौशी नेमबाज कपाळाला हात लावतात.

बर्डनकडे वळण्याआधी काडतूस म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघून घेऊ, नाहीतर पुढची सगळी गोष्ट डोक्यावरून जाईल.

काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, तोंडावर बसवलेली गोळी आणि बुडाशी बसवलेली एक चिमुकली धातूची टोपी. या टोपीला प्रायमर म्हणतात. दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली आठवा. टिकली नुसती हवेत धरली तर काही होत नाही. ती दोन कठीण पृष्ठभागांमध्ये चेचली गेली पाहिजे. प्रायमरचंही तसंच. बंदुकीची पिन बाहेरून टोपीवर आदळते आणि टोपीतला मसाला आतल्या एका टोकदार उंचवट्यावर चेपला जातो. या उंचवट्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ऐरण. मसाला पेटतो, ठिणगी बारीक छिद्रातून पुंगळीत शिरते, दारू पेटते, गोळी सुटते. गोळी गेली, दारू गेली. उरते पितळेची पुंगळी आणि तिच्या बुडात घट्ट बसलेली मेलेली टोपी.

यातली पुंगळी ही सगळ्यात महागडी वस्तू, आणि ती पुन्हा वापरता येते. परदेशात हजारो नेमबाज तसं करतात. टोपी काढा, पुंगळी धुवा, मापात आणा, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. या सगळ्या खटाटोपातली पहिली पायरी म्हणजे मेलेली टोपी बाहेर काढणं. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं हाच गुन्हा आहे, तेव्हा हा लेख वाचून कुणी रूमवर वर्कशॉप उघडू नये. आपल्याला यातलं इंजिनिअरिंग बघायचं आहे.)

हायरम बर्डनचा जन्म ६ सप्टेंबर १८२४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स गावचा. लहानपण मिशिगनमधल्या प्लिमथला गेलं. शिक्षण जिनिव्हा गावच्या हॉबर्ट कॉलेजात. हे जिनिव्हा न्यूयॉर्क राज्यातलंच, स्वित्झर्लंडचं नाही. पुढे न्यूयॉर्क शहरात तो मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून स्थिरावला. त्या काळी इंजिनिअर म्हणजे एकाच विषयात मुरलेला माणूस असा प्रकार नव्हता. जिथे यंत्र लागेल तिथे इंजिनिअर. बर्डनने पिठापासून पावापर्यंत काम करणाऱ्या यांत्रिक बेकरीत हात घातला. सोन्याचं खनिज दळून त्यातलं सोनं पाऱ्यात धरून ठेवणारं यंत्र काढलं. हे यंत्र म्हणजे तिरकं फिरणारं लोखंडी घमेलं, त्यात जड लोखंडी गोळा, खनिज आणि पारा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या जुन्या खाणींत अशी घमेली आजही गंजलेली सापडतात आणि तिकडचे लोक त्यांना बर्डन पॅन म्हणतात. पारा हा धातू लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

पैसा आला, नाव झालं, आणि फावल्या वेळात गडी नेम धरायला लागला. युद्धापूर्वीची बरीच वर्षं तो देशातला अव्वल रायफलधारी मानला जात होता. म्हणजे हजारो वेळा त्याने स्वतः बंदूक भरली असणार. हाही मुद्दा लक्षात असू द्या.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बर्डनने सरकारपुढे कल्पना मांडली, की देशभरातून निवडक नेमबाज गोळा करून त्यांची वेगळी पलटण करावी. प्रवेश परीक्षा कडक होती. दोनशे यार्डांवरून दहा गोळ्या झाडायच्या, आणि मध्यबिंदूपासून त्यांचं सरासरी अंतर पाच इंचांच्या आत हवं. एवढे लोक पास झाले, की एकाच्या जागी दोन रेजिमेंट उभ्या राहिल्या. त्यांचा गणवेश हिरवा होता. बाकीचं सैन्य निळ्या रंगात उठून दिसायचं आणि हे झाडीत मिसळून जायचे. वॉशिंग्टनजवळच्या त्यांच्या छावणीला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी भेट दिली तेव्हा बर्डनने शत्रूच्या अध्यक्षाचं चित्र लावून सहाशे यार्डांवरून त्याच्या डोळ्यात गोळी घातली, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट मुख्यतः बर्डनच्याच बाजूने आलेली आहे, तेव्हा किती मीठ घालून घ्यायची ते ज्याने त्याने ठरवावं.

या जवानांना हवी होती मागून भरायची शार्प्स रायफल. लष्करी सामग्रीचे प्रमुख जनरल रिपली यांना नवी हत्यारं म्हणजे नसती डोकेदुखी वाटायची. बरीच रस्सीखेच झाली, लिंकनपर्यंत गाऱ्हाणं गेलं, आणि १८६२ च्या उन्हाळ्याच्या सुमारास शार्प्स हातात आल्या. त्या रायफलचं काडतूस कापडी-कागदी होतं आणि पेटवण्यासाठी टोपी वेगळी लावायची. कागदी काडतूस म्हटल्यावर आपल्याला १८५७ आठवणारच. एन्फिल्डचं चरबी लावलेलं काडतूस दातांनी फाडायचं होतं, आणि त्यातून काय रामायण घडलं ते शाळेत शिकलोय. तिकडे अमेरिकेत युद्धाच्या चार वर्षांत एक गोष्ट स्पष्ट झाली. कागद भिजतो, फाटतो, आणि वेगळी टोपी गडबडीत बोटांतून निसटते. सगळं एका धातूच्या डबीत बंद पाहिजे.

बर्डनच्या युद्धातल्या कामगिरीबद्दल दोन मतं आहेत आणि ती तेव्हापासूनच आहेत. माणूस हुशार, खटपट्या, ओळखी वापरून काम करून घेणारा, यावर एकमत. पण त्याच्याच काही अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की गोळीबार सुरू झाला की कर्नलसाहेब मागे कुठेतरी असतात. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत मात्र तो स्वतः शंभरेक नेमबाज आणि मेन राज्याची एक छोटी रेजिमेंट घेऊन जंगलात टेहळणीला शिरला आणि दक्षिणेच्या अलाबामा ब्रिगेडला भिडला. या चकमकीने लढाईचं पारडं फिरलं असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. इतिहासकार तितकं मोठं श्रेय देत नाहीत. २ जानेवारी १८६४ रोजी त्याने राजीनामा दिला. पुढे मानद ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा मिळाला आणि लोक त्याला जनरल बर्डन म्हणू लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

युद्धात धातूची काडतुसं आली होती, पण बहुतेक रिमफायर पद्धतीची. म्हणजे पेटणारा मसाला पुंगळीच्या काठाच्या पोकळीत भरलेला. पिन काठावर आदळली की काठ चेपतो. अशी पुंगळी एकदा वापरली की मेली. काठात परत मसाला भरणार कसा? शिवाय काठ चेपला जायला पातळ ठेवावा लागतो, त्यामुळे फार जोराची दारू भरता येत नाही. उपाय असा, की पेटवणारी टोपी वेगळी करायची आणि जाडजूड बुडाच्या बरोबर मध्यभागी, बाहेरून दाबून बसवायची.

२० मार्च १८६६ रोजी बर्डनला अमेरिकेत यासाठी पेटंट मिळालं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये वुलविचच्या शाही प्रयोगशाळेचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर यानेही स्वतःच्या रचनेचं पेटंट घेतलं. दोघांचा प्रश्न एकच होता. बाहेरून बघितलं तर दोघांचं उत्तरही सारखंच दिसतं. फरक एवढाच, की ऐरण कुठे ठेवायची?

बर्डनने ऐरण पुंगळीतच घडवली. बुडाच्या खळग्यात मध्यभागी पितळेचाच एक उंचवटा, आणि ठिणगी आत जायला त्याच्या बाजूला साधारणपणे दोन बारीक छिद्रं. टोपी म्हणजे फक्त वाटी आणि मसाला.

बॉक्सरने ऐरण टोपीत घातली. वाटी, मसाला आणि त्यावर एक छोटा तीन किंवा दोन पायांचा धातूचा तुकडा. पुंगळीच्या खळग्यात उंचवटा नाही, त्यामुळे ठिणगीचं छिद्र बरोबर मध्यभागी, एकच आणि चांगलं मोठं.

मेकॅनिकलच्या मंडळींनी इथे क्षणभर थांबून दोन्हींचं सेक्शनल ड्रॉइंग डोळ्यांसमोर आणावं. बेअरिंग काढायला जो नियम, तोच इथे. छिद्र आरपार असेल तर पलीकडून ड्रिफ्ट घालून ठोकता येतं. छिद्र आंधळं असेल तर पुलर लागतो, आणि पुलरला पकडायला जागाच नसेल तर मग बसा बोंबलत. बॉक्सरची पुंगळी म्हणजे आरपार छिद्र. तोंडातून सरळ सळई घाला, ती मधल्या छिद्रातून जाऊन टोपीला आतून ढकलते, टोपी टक्कन बाहेर. बर्डनच्या पुंगळीत तीच सळई घातली तर ती ऐरणीच्या पाठीवर जाऊन बसते. टोपी जागची हलत नाही, उलट सळई वाकते किंवा मोडते.

आता मला छळणारा प्रश्न. बर्डन स्वतः नेमबाज होता. टोपी बाहेरून बदलता येण्यासारखी करणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. मग ती काढायची कशी याचा विचार त्याने केला नाही का? मला वाटतं, केला असेल, पण समोर ठेवलेलं गिऱ्हाईक वेगळं होतं. लष्कराला लाखांच्या भाषेत काडतुसं लागतात आणि रिकामी पुंगळी रणांगणावरच पडून राहते. तिथे टोपी जितकी साधी तितकं उत्पादन सोपं. चिमूटभर आकाराच्या टोपीत आणखी एक चिमुकला भाग बसवायचा म्हणजे कारखान्यात एक पायरी वाढली. बर्डनने ती पायरी पुंगळीच्या साच्यात ढकलली, जिथे एकाच दाबात उंचवटा तयार होतो. कारखान्याच्या बाजूने बघितलं तर चोख काम आहे. त्रास होतो तो वापरून झाल्यावर, आणि तो कारखान्यात कुणाला दिसत नाही.

अमेरिकेत मात्र पुंगळी परत भरणारं गिऱ्हाईक मोठं निघालं. १८७० च्या दशकात रेड्यांची शिकार करणारे शिकारी गावापासून शेकडो मैल दूर असायचे; ते संध्याकाळी शेकोटीपाशी बसून दिवसभराच्या पुंगळ्या भरायचे. ब्रिजपोर्टच्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीने बर्डनच्या पद्धतीच्या पुंगळ्या आणि टोप्या बाजारात आणल्या होत्या. टोपीला बाहेरून टोच्याने भोक पाडायचं आणि उचकटून काढायची. हाताची सवय झाली तर जमतं, पण घाई केली की टोच्याचं टोक ऐरणीवर घसरतं, आणि ऐरणीला खड्डा पडला की पुढची टोपी पेटेल याची खात्री नाही. याच कंपनीच्या काडतूस कारखान्याचा प्रमुख होता आल्फ्रेड हॉब्ज. हा तोच हॉब्ज, ज्याने १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अभेद्य समजलं जाणारं ब्रामाचं कुलूप उघडून दाखवलं होतं! त्याच्या कारखान्यात पुढे ऐरण टोपीतच असलेल्या रचनाही तयार होऊ लागल्या.

पाऱ्याची गोष्टही इथेच येते. त्या काळच्या टोप्यांमधल्या मसाल्यात पाऱ्याचं संयुग असायचं. स्फोटानंतर पारा मोकळा होऊन पितळेत मुरायचा आणि पुंगळी ठिसूळ करायचा. पारा सोन्याला कसा धरतो ते बर्डनला आपल्या खाणीच्या घमेल्यामुळे पक्कं ठाऊक होतं. इथे तोच पारा पुंगळीला खात होता. तेव्हा टोपी लवकर काढून पुंगळी धुणं हा टापटिपीचा नव्हे, तर पुंगळी वाचवण्याचा प्रश्न होता. जी टोपी काढायला अर्धा दिवस लागतो, ती तेवढा वेळ आत बसून राहणार.

१८८० च्या दशकात खुद्द अमेरिकी लष्कराने जवानांच्या सरावासाठी पुन्हा भरता येतील अशी काडतुसं वापरायला सुरुवात केली, आणि ती बर्डन पद्धतीची नव्हती. १८८४ मध्ये न्यू हेवनला जॉन बार्लोने आयडियल कंपनी काढली. तिचं हत्यार साधारण आपल्या अडकित्त्यासारखं : दोन दांडे, मध्ये पुंगळी, त्याच्यातच टोपी काढायची आणि बसवायची सोय. हे सगळं मधल्या एका छिद्राच्या जिवावर. अशा रीतीने एक विचित्र अदलाबदल झाली. अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपने उचलली आणि इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेची झाली. इंग्लंडनेही .३०३ च्या काडतुसासाठी आपल्याच माणसाला सोडून बर्डनची ऐरण घेतली. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) बनलेल्या जुन्या .३०३ पुंगळ्यांच्या बुडावर इंग्रजीत के आणि एफ ही अक्षरं असतात. तिच्या तोंडातून बॅटरी मारून बघितलं तर आत एक नव्हे, दोन बारीक छिद्रं दिसतात.

आणि हत्यार निवडताना पहिलं काम हेच, बॅटरी मारून आत बघणं. एक छिद्र की दोन? हे न बघता सळई ठोकणारा माणूस हत्यार मोडून घेतो.

एक छिद्र असेल तर पर्याय भरपूर आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे एक पंच, खाली भोक असलेला ठोकळा आणि हलकी हातोडी. दहावीस पुंगळ्यांसाठी हे पुरे, जागा लागत नाही, खर्च नाही. दोनशे पुंगळ्या असतील तर मनगट बोलायला लागतं. मग पकडीसारखं हातात दाबायचं यंत्र. खुर्चीत बसून, गप्पा मारत काम होतं. त्यापुढे टेबलाला बोल्ट केलेलं लिव्हरचं प्रेस. त्याच्या डायमध्ये पिन असते, जी पुंगळीला मापात आणता आणता टोपीही काढते. एका दमात दोन कामं, म्हणून नवीन माणूस इथेच भुलतो. अडचण अशी, की पुंगळी अजून धुतलेली नसते. काजळी आणि रेती डायमध्ये जाते, डायवर ओरखडे पडतात, आणि ते ओरखडे मग पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतात. म्हणून नुसती टोपी काढणारी वेगळी डाय मिळते. ती पुंगळीच्या भिंतींना शिवतच नाही, फक्त पिन खाली येते. आधी टोपी काढायची, मग धुवायचं, म्हणजे टोपीचा खळगाही स्वच्छ होतो, आणि मापाची डाय शेवटी. माझं मत विचाराल तर पैसे मोजके असतील तेव्हा महागड्या प्रेसपेक्षा ही साधी डाय आधी घ्यावी.

पिनेचंही एक शास्त्र आहे. नेहमीचं छिद्र साधारण २ मिलिमीटरचं असतं, पण काही अचूक नेमबाजीच्या पुंगळ्यांत ते दीड मिलिमीटरचं ठेवतात. तिथे नेहमीची पिन घातली तर ती अडकते, आणि जोर केला तर मोडते किंवा पुंगळीच पिनेवर लटकून राहते. काही डायमध्ये पिन कोलेटमध्ये घट्ट पकडलेली असते. जोर जास्त झाला की ती मोडण्याऐवजी वर सरकते. आपल्या शिअर पिनच्या उलटा विचार : बळी द्यायचा नाही, सटकू द्यायचं. लष्करी पुंगळ्यांत टोपीभोवती पितळ दाबून तिला जखडलेलं असतं. तिथे जाड, मजबूत पिन हवी आणि नंतर ती दाबलेली कड काढून टाकावी लागते, नाहीतर नवी टोपी बसत नाही. न फुटलेली टोपी असेल तर हातोडी मुळीच उचलायची नाही, हे सांगायला नकोच. आजच्या बहुतेक टोप्यांच्या राखेत शिसं असतं. म्हणून मेलेल्या टोप्या बंद नळीतून डब्यात पडतील असं हत्यार चांगलं, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहा नाही.

दोन छिद्रं दिसली, म्हणजे बर्डनशी गाठ पडली. इथे दोनच रस्ते उपयोगाचे. पहिला म्हणजे आकड्याचं हत्यार. कॅलिफोर्नियाच्या आर.सी.बी.एस. कंपनीने असं बनवलं. पुंगळी आडवी पकडायची, कठीण पोलादाचा टोकदार आकडा टोपीच्या कडेला घुसवायचा आणि लिव्हर उलटवून टोपी उचकटायची. म्हणजे शिकाऱ्याचा टोच्याच, पण खोली बांधून दिलेला. सगळं त्या खोलीवर आहे. कमी घुसला तर टोपी फाटते आणि अर्धी आत राहते. जास्त घुसला तर खळग्याचा तळ किंवा ऐरण जखमी होते.

दुसरा रस्ता पाण्याचा. पुंगळीत काठोकाठ पाणी भरायचं, तोंडात बरोबर मावणारा दट्ट्या घालायचा आणि हातोडीचा एक ठोका. पाणी दबत नाही, दोन छिद्रांतून जाऊन टोपीला आतून ढकलतं. गॅरेजमध्ये फ्लायव्हीलमधलं आंधळ्या छिद्रातलं बुश काढायला ग्रीस भरून शाफ्ट ठोकतात, तीच युक्ती. पास्कलचा नियम लावून बघा. .३०३ च्या पुंगळीत दट्ट्याचा व्यास साधारण ७.८ मिलिमीटर आणि टोपीचा ६.३५ मिलिमीटर. क्षेत्रफळांचं गुणोत्तर दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे दट्ट्यावर ५०० न्यूटन दिले तर टोपीवर ३३० च्या आसपास येतात. हायड्रॉलिक प्रेस करणारा ब्रामा जोर वाढवत होता, इथे तो घटतोय, पण टोपीला तेवढा पुरतो. (आणि हो, हा ब्रामा म्हणजे हॉब्जने ज्याचं कुलूप उघडलं तोच ब्रामा!) दट्ट्या सैल असेल तर पाणी टोपीऐवजी तुमच्या शर्टावर येतं. आकड्यापेक्षा मला ही पद्धत सरस वाटते, कारण ऐरणीला धक्का लागत नाही. मात्र पुंगळ्या नंतर नीट वाळवाव्या लागतात, आणि दर ठोक्याला टेबल पुसत बसावं लागतं.

एवढं करून नवी बर्डन टोपी सहज मिळेल याची खात्री नाही, कारण तिची मापंही अनेक. बहुतेक नेमबाज म्हणूनच दोन छिद्रांच्या पुंगळ्या सरळ भंगारात देतात. ज्याच्या पुंगळ्या दुर्मिळ आहेत, ज्याची जुनी रायफल दुसरं काही खात नाही, त्याच्यासाठी आकडा किंवा पाणी.

बर्डनला हे सगळं बघायला वेळ नव्हता. १८६० च्या दशकात रशियाचे दोन अधिकारी, गोर्लोव्ह आणि गुनियस, चांगली रायफल शोधत अमेरिकेत आले होते. त्यांनी बर्डनची रायफल निवडली, तिच्यात सुधारणा केल्या, आणि १८६८ ची पहिली बर्डन रायफल हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात तयार झाली. मग बर्डन स्वतः रशियात गेला आणि बोल्ट असलेली नवी रचना पुढे केली. ती १८७० मध्ये मंजूर झाली. आधी काही बर्मिंगहॅममध्ये आणि मग तुला, इझेव्स्क वगैरे रशियन कारखान्यांत तिचं उत्पादन झालं, आणि १८९१ मध्ये मोसिनची रायफल येईपर्यंत तीच झारच्या सैन्याची रायफल होती. रशियन लोक तिला लाडाने बर्डांका म्हणतात. निवृत्त झाल्यावर ती शिकाऱ्यांच्या हाती गेली आणि सैबेरियात पुढची कित्येक वर्षं वाजत राहिली. टोपीची त्याची पद्धतही रशियाने सोडली नाही. एके-४७ ची जुनी लष्करी काडतुसं उघडून बघितली तर बहुतेकांत तीच ऐरण, तीच दोन छिद्रं.

पुढची बरीच वर्षं बर्डन युरोपात होता. अंतर मोजण्याचं यंत्र, तोफगोळ्याचा फ्यूज, पाणबुड्या तोफांच्या कल्पना, असं काही ना काही चालूच. १८८४ मध्ये त्याची मुलगी एलिझाबेथ हिचं लग्न कॉन्स्टँटिनोपलला फ्रान्सिस मॅरियन क्रॉफर्ड या कादंबरीकाराशी झालं. हा जावई काही काळ अलाहाबादला एका इंग्रजी वर्तमानपत्राचा संपादक होता आणि त्याची पहिली कादंबरी सिमल्यात घडते. बर्डन घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध एवढाच, आणि अर्थात खडकीच्या पुंगळ्यांपुरता.

बॉक्सरच्या वाट्यालाही फार सुख आलं नाही. सरकारी पदावर राहून पेटंटचा फायदा घेतल्याच्या वादात त्याला १८६९ मध्ये वुलविच सोडावं लागलं. बर्डनचं भांडण उलट्या दिशेचं होतं. सरकारने आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलच्या मागून उघडणाऱ्या रचनेत त्याच्या पेटंटमधली कल्पना वापरली आणि पैसे दिले नाहीत, असं त्याचं म्हणणं. ज्या लष्करासाठी त्याने पलटण उभी केली, त्याच्याशीच त्याची कंपनी कोर्टात लढत बसली.

३१ मार्च १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्डन वारला. वय ६८. त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलं. खटला तेव्हाही चालूच होता. सुप्रीम कोर्टाने १८९५ मध्ये निकाल दिला आणि सरकारने बर्डन फायरआर्म्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनीला भरपाई द्यावी हा खालच्या कोर्टाचा निर्णय कायम केला.